भरदुपारचा रक्तपिपासू

सार्वजनिक कार्य एरंडेल तेलासारखं असतं, दुसऱ्याला पाजायला सोपं. ब्लँकेट वेल्समध्ये मी सव्वीस वर्षं औषधांचं दुकान चालवतोय, त्यामुळे पाजण्याच्या बाजूचा माझा अनुभव दांडगा. पिण्याची पाळी यंदाच्या जूनमध्ये आली, आणि तीही चौऱ्याहत्तर मिनिटांच्या एका सिनेमापायी.

सिनेमाचं नाव ‘थडग्यातला घोडेस्वार’. घोडे, पिस्तुलं, दारूचा गुत्ता, सगळं नेहमीसारखं. खलनायक तेवढा मेलेला. एक कर्नल सूर्य बुडाला की थडग्यातून उठतो, घोड्याला टाच मारतो आणि गुराख्यांच्या मानेला सुळे लावतो. गोळ्या घातल्या तर कोटाला भोकं पडतात, कर्नलला काही होत नाही. काउबॉय आणि व्हॅम्पायर एकाच भांड्यात शिजवायची तेव्हा काही मंडळींना हौस होती. १९५८ साली त्यांनी हा सिनेमा आमच्या गावात अकरा दिवसांत उरकला. बाहेरच्या जगानं ब्लँकेट वेल्सची दखल घेतली ती तेवढीच.

माझे सासरे क्लेम प्रूइट तेव्हा पवनचक्क्या दुरुस्त करायचे. त्यांचं म्हणणं असं, की कर्नलचं काम करणारा नट घोड्याला टरकायचा, म्हणून काळा झगा आणि हॅट चढवून दौडत गेलो तो मी. गावानं सिनेमा लागायची वाट पाहिली. दौडीचा प्रसंग आला तेव्हा पडदा इतका काळाकुट्ट, की नुसत्या टापा ऐकू आल्या, घोडासुद्धा दिसला नाही. त्या दिवसापासून सासरे गावात ‘कर्नल’ झाले. ‘काय कर्नल, आज उन्हात?’ असं लोकांनी म्हणायचं आणि त्यांनी हसून पवनचक्कीवर चढायचं, हे पंचवीस वर्षं चाललं. तीन वर्षांपूर्वी ते गेले. दफनानंतरच्या जेवणात आमच्या शेजारच्या डेल ऑस्ट्रँडरनं बटाट्याचं सॅलड वाढून घेता घेता विचारलं, “पेटीला नीट खिळे ठोकलेत ना? नाहीतर कर्नल उठायचा.” सगळे हसले. मीही हसलो, हे इथंच सांगून टाकतो. सासूबाई दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या.

सासूबाई म्हणजे मिसेस आयडेला प्रूइट, वय ब्याऐंशी. सत्तावीस वर्षं जावई असूनही मी त्यांना मिसेस प्रूइटच म्हणतो. दुसरं काही म्हण असं त्यांनी सुचवलेलं नाही. त्यांच्या डोळ्यांत मधोमध काळा डाग वाढत चाललाय. काही बघायचं असेल तर त्याच्या शेजारी बघावं लागतं आणि उजेड रग्गड लागतो. मार्च महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत उरलेलं जाईल. त्या रविवारी जेवताना माझ्या खांद्याशेजारच्या भिंतीकडे बघत, म्हणजे माझ्याकडेच बघत, त्या म्हणाल्या, “हार्लन, मला क्लेमला घोड्यावर बघायचंय. एकदाच. आणि गावानं माझ्याबरोबर बघायला हवंय.”

“बघू या, मिसेस प्रूइट,” मी म्हणालो. ‘बघू या’ म्हणजे ‘नाही’, हे माझ्या दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कळतं. त्यांना कळलं नाही, किंवा त्यांनी कळून घेतलं नाही.

माझी बायको नॅडीन हिनं मात्र ते फार चांगलं कळून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून माझी कॉफी कोमट यायला लागली. पाचव्या दिवशी मी फोन फिरवायला सुरुवात केली.

सिनेमा काढणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. अखेर किंगमनला बर्ल यान्सी नावाचा एक संग्राहक सापडला. त्याच्या गॅरेजमध्ये पोटमाळ्यापर्यंत डबे रचलेले होते. त्यानं तीन रिळं माझ्या हातात दिली, पण दुसऱ्याच्या ताब्यात म्हातारं कुत्रं द्यावं तशी. “ही मरायला टेकलीय,” तो म्हणाला. “यंत्रावर एकदा चढेल, फार तर. व्हिडिओ टेपवर उतरवून घे आणि एक टेप मला पाठव.”

फिल्म मरते तेव्हा तिला व्हिनेगरचा वास सुटतो, हे मला ठाऊक नव्हतं. घरी डबे उघडले आणि दहा मिनिटांत डेल कुंपणाशी हजर.

“काकड्यांचं लोणचं घालतोयस का, हार्लन?”

मी सांगितलं. सांगायला नको होतं.

“असं होय,” तो म्हणाला. “कर्नलचं भूत काढतोयस. अरे, घोडे माझे होते. अकराही दिवस मी तिथं होतो. घोड्यावर हॉलिवूडचा माणूस होता, चांगला शिकलेला. क्लेम गवताच्या पेंढ्या घेऊन आला, पेंढ्या टाकल्या आणि गेला. मेलेल्या माणसाबद्दल मी खोटं बोलेन का?”

सासरे जिवंत असताना तो त्यांच्याबद्दल काय काय बोलला, हे मला आठवत होतं, पण डेलशी वाद घालायला लागणारा दम माझ्यात कधीच नव्हता. वर त्यानं सल्ला दिला, की डबे थंडीत ठेव. फ्रीझरमध्ये नॅडीनच्या भावानं मारलेलं हरीण होतं. ते बाहेर काढून डबे आत ठेवले. हरीण त्या आठवड्यात आम्ही सकाळ-संध्याकाळ खाल्लं आणि त्यालाही व्हिनेगरचा वास येत होता.

मग परवानगी. गावाच्या स्थापनादिनी दुपारी दोन वाजता शाळेच्या जिममध्ये सिनेमा दाखवायचा, एवढं साधं काम. नगर कार्यालयात व्हर्ना स्टॉडर्ड बसते. गेली एकोणीस वर्षं ती माझ्याकडून पित्ताच्या गोळ्या नेते, आणि मी कार्यालयात गेलो की मला कधीच पाहिलं नसल्यासारखी बघते.

“जुनी फिल्म पेट घेते, मिस्टर टीग. ज्वालाग्राही पदार्थांचा फॉर्म भरावा लागेल.”

“पेट घेणारी फिल्म याच्याही आधीची, व्हर्ना. हिच्या कडेवर ‘सेफ्टी’ असं छापलेलं आहे. आणि आपण टेपच दाखवणार.”

“सेफ्टी असं छापावं लागतं, त्या अर्थी काहीतरी धोका असणारच,” ती म्हणाली आणि फॉर्म पुढे सरकवला. “खाली अग्निशमन दलाच्या प्रमुखांची सही.”

आमच्या अग्निशमन दलात सहा स्वयंसेवक आहेत आणि त्यांचा प्रमुख डेल ऑस्ट्रँडर आहे. घोडं तिथंच अडलं.

डेलनं फॉर्म दोनदा वाचला. एरवी तो औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा वाचत नाही. “सही करतो,” तो म्हणाला. “पण सिनेमा संपला आणि क्लेम दिसला नाही, तर तू माइकवरून सांगायचंस. घोड्यावर क्लेम प्रूइट नव्हता. एवढंच. इतिहास म्हणून.”

मी हो म्हणालो. का म्हणालो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. समोर माणूस पेन उघडून बसला की मला हो म्हणायची सवय आहे. घरी येऊन सांगितलं तेव्हा नॅडीननं हातातली सुरी खाली ठेवली, ते पाहून मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेलो. सासूबाई मात्र शांत होत्या.

“सांग की,” त्या म्हणाल्या. “तो दिसला नाही, तर तू कशाला, मीच उठून सांगेन. बायकोनं सांगितलेलं बरं.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. तोवर हा एक सिनेमा होता. आता ब्याऐंशी वर्षांच्या बाईला सगळ्या गावापुढे उभं राहून आपल्या नवऱ्याला खोटारडा म्हणावं लागणार होतं, आणि ती व्यवस्था मी सही घेऊन करून आलो होतो.

फिल्म फिनिक्सच्या एका लॅबकडे गेली. टेप आठवड्यात येणार होती. एक आठवडा झाला, दोन झाले. मी रोज फोन करायचो आणि कोरी नावाचा एक तरुण रोज म्हणायचा, “सर, जीव ओतून काम चाललंय.” हे ऐकून मला बरं वाटायचं. माणसाला कशानं बरं वाटेल याचा नेम नाही. दरम्यान पास्टर ब्रंट दुकानात येऊन खोकल्याचं औषध घेता घेता म्हणाले, की शेवटी क्रूस जिंकतो की रक्तपिपासू, हे आधी कळलं तर मंडळींना बरं पडेल. मी म्हणालो, छातीत ठोकलेला कुंपणाचा खांब जिंकतो असं ऐकलंय. ते विचारात पडले.

टेप आली ती स्थापनादिनाच्या दिवशीच, साडेबाराच्या बसनं. मी ती छातीशी धरून जिमवर धावलो. शाळेचा व्हिडिओ प्रोजेक्टर म्हणजे गाभण म्हशीएवढं धूड, पुढे तीन डोळे आणि बाजूला खुंट्यांची रांग. नॅडीन खिडक्यांना घोड्यांच्या घोंगड्या टांगत होती. बाहेर एकशे आठ डिग्री फॅरनहाइट आणि आत त्याहून जास्त. टेप चालू केली. गाव दिसलं, गुत्ता दिसला. मग ऑर्गन वाजायला लागला, थडगं हललं, कर्नल उठला.

कर्नल उठला तो टळटळीत उन्हात. झग्याची सावली पायाशी काळीभोर पडलेली, कपाळावर घाम. एका हातात पेटलेला कंदील, ज्याची ज्योत उन्हात दिसतसुद्धा नव्हती. समोरून शेरीफ आला, बाहीनं मान पुसत म्हणाला, “रात्र वैऱ्याची आहे. डोळ्यासमोर धरलेला हात दिसत नाही.” आणि मागच्या टेकडीवरचा एकेक निवडुंग मोजून घ्यावा इतका स्वच्छ दिसत होता.

मुख्याध्यापकांच्या खोलीतून मी लॅबला फोन लावला.

“आवडली का, सर?” कोरी म्हणाला. “तुमची फिल्म निम्मी काळी होती. कुणीतरी अगदीच वाईट काढलेली. मी एकेक शॉट धरून उजळला. तीन आठवडे त्यावरच होतो.”

“ती रात्र होती.”

“कुठं?”

“सिनेमात. तेव्हा रात्र अशीच काढायचे, बाबा. भरउन्हात चित्रण करायचं आणि मागाहून लॅबमध्ये काळोख करायचा. दिव्यांना कुणाकडे पैसे होते?”

“पण सर, सावल्या पडल्यात. रात्री सावल्या पडतात का?”

“पुन्हा उतरव.”

“फिल्म आटलीय, सर. शेवटचं रीळ यंत्रातच तीन ठिकाणी तुटलं. ती आता चालायची नाही.”

मी फोन ठेवला. व्हॅम्पायर उन्हात जळून राख होतो, हे आमच्या गावात पास्टरनासुद्धा ठाऊक आहे. क्लेमच्या नावानं भरदुपारी हिंडणारा कर्नल गावाला दाखवायचा, म्हणजे डेलच्या हातात पुढच्या पंचवीस वर्षांचा दारूगोळा द्यायचा. टेप पूर्ण पाहायलाही वेळ नव्हता. दीड वाजला होता आणि बाहेर लोक पायांचा आवाज करत होते.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. प्रोजेक्टरच्या बाजूची एक खुंटी फिरवली की चित्र अंधारतं. ऑर्गन वाजला की रात्र, थांबला की दिवस. खुंटीवर हात ठेवून मीच रात्र करायची. नॅडीन म्हणाली, “हार्लन, तुला स्वयंपाकघरातला पंखा वेळेवर बंद करता येत नाही.” मी दुर्लक्ष केलं. ऐन वेळी डोकं चालवणारा माणूस घरच्यांना नेहमीच आवडत नाही.

दोन वाजता एकशे ऐंशी माणसं बसली. सासूबाईंची खुर्ची पडद्यापासून हातभर अंतरावर. त्या मान वळवून बाजूच्या दाराकडे बघत होत्या. पडदा बघायची त्यांची तीच तऱ्हा. डेल पहिल्या रांगेत, टोपी गुडघ्यावर. माझ्या शेजारी माइक ठेवलेला होता. तो डेलनं आणून ठेवला होता.

पहिला ऑर्गन वाजला. मी खुंटी फिरवली आणि खरंच रात्र झाली. काळ्यातून काळा कर्नल उठला. मागच्या रांगेत कुणाच्या तरी हातातली पॉपकॉर्नची पिशवी चुरगळायची थांबली. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो कर्नलमुळे नव्हता; ती रात्र मी केली होती.

“आता काय चाललंय?” सासूबाईंनी विचारलं. नॅडीन त्यांच्या कानात सांगत होती.

दुसरा ऑर्गन वाजला, मी रात्र केली. तो चर्चमधला ऑर्गन होता. भरसकाळी लग्न चाललेलं, ते मी बुडवलं. नवरीच्या आवाजात नुसतंच “होय” ऐकू आलं. “अरे, नवरी दाखव,” कुणीतरी ओरडलं. मी घाईनं खुंटी उलटी फिरवली ती इतकी, की नवरी पार पांढरी झाली. तेवढ्यात लग्न संपून खरी रात्र आली होती आणि कर्नल लख्ख उन्हात एका गुराख्याच्या मानेवर वाकलेला सगळ्यांना दिसला.

जिम हसण्यानं फुटायची बाकी राहिली. “कर्नल, टोपी घाल, ऊन लागेल,” मागून आवाज आला. “हार्लन, रात्र करताना जरा आधी सांगत जा,” दुसरा म्हणाला. डेल हसत नव्हता. तो मागे वळून माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होता, आणि ते जास्त झोंबलं. सव्वीस वर्षं या लोकांची मूळव्याध, रक्तदाब, काय काय मी पोटात ठेवलं होतं. कानशिलं तापून मी ठरवलं, की आता चूक होणार नाही. शेरीफच्या मिशीवरून, घोड्यांच्या कानांवरून मी रात्रीचा अंदाज घ्यायला लागलो. पुढच्या दोन रात्री बिनचूक पडल्या. हसणं थांबलं. लोक पुन्हा घाबरायला लागले आणि माझी मान ताठ झाली.

मग दौड आली. ऑर्गन वाजला, मी अंधार केला, अगदी गडद. टापा सुरू झाल्या. त्या टापा गावानं एकोणतीस वर्षांपूर्वी अशाच ऐकल्या होत्या.

“नॅडीन, काय चाललंय?”

“दौड आहे, ममा.”

“मला काही दिसत नाही. पडदा बंद पडला का?”

“रात्र आहे, मिसेस प्रूइट,” मी म्हणालो.

त्या माझ्या दिशेनं वळल्या, म्हणजे माझ्या शेजारच्या माइककडे बघायला लागल्या. “रात्र काढून टाक, हार्लन.”

“लोक हसतील.”

“ते आधीपासून हसतायत. मला दिसू दे.”

टापा जवळ येत होत्या. त्या निघून गेल्या की संपलं, एवढं मला कळत होतं, आणि तरी हात खुंटीवरून हलेना. तो अंधार इतका छान जमला होता. हे कबूल करताना मला लाज वाटते: मी त्या बाईच्या डोळ्यांचा विचार करत नव्हतो, मागच्या रांगेचा करत होतो. नॅडीननं बोलावं अशी मी वाट पाहिली. मग खुंटी टोकापर्यंत उलटी फिरवली.

पडद्यावर दुपार फुटली. पांढरं फटक माळरान, आणि त्याच्यावरून काळा झगा फडकवत कर्नल दौडत येतोय. कडेला कंपनीचा ट्रक उभा, त्याच्या सावलीत एक माणूस सँडविच खातोय. जिम पुन्हा हसायला लागली, या खेपेला पोट धरून. घोडा थेट आमच्याकडे येत होता. वाऱ्यानं हॅट मागे उडाली.

क्लेम होते. ते कान, ती हनुवटीवरची खळी, दुसरं कुणी असूच शकत नव्हतं. लगाम मोकळा लोंबत होता. दोन्ही हातांनी त्यांनी खोगिराची मूठ कवटाळली होती, डोळे घट्ट मिटलेले, तोंड उघडं. थडग्यातून उठलेला तो रक्तपिपासू जिवाच्या आकांतानं ओरडत होता. चार-पाच सेकंद, आणि घोडा त्यांना घेऊन पडद्याच्या बाहेर गेला.

हसणं एकदम थांबलं नाही. ते रांगेरांगेनं थांबलं, पुढून मागे. मी टेप थांबवली. पंख्यांचा आवाज तेवढा राहिला.

“त्या दिवशी मी दात काढायला गेलो होतो,” डेल म्हणाला. तो कुणाकडेही बघत नव्हता. “सकाळपासून. दुपारी परत आलो, तर म्हणाले, झालं काम.” त्यानं उठून माझ्याजवळचा माइक उचलला. तो काहीतरी बोलणार असं वाटलं, पण तो तसाच हातात धरून उभा राहिला.

सासूबाई खुर्चीतून उठल्या होत्या. नाक पडद्याला लागेल इतक्या पुढे जाऊन, मान दाराकडे वळवून, त्या रिकाम्या माळरानाकडे बघत होत्या.

“घाबरला होता,” त्या म्हणाल्या. “बघितलंस ना, नॅडीन? किती घाबरला होता तो. एवढी वर्षं तुम्ही सगळे त्याला हसलात, आणि मी पण मनात म्हणायची, थोडं वाढवून सांगत असेल. आणि त्यानं मला एवढंच सांगितलं नाही, की भीती वाटली होती.”

त्यांनी पडद्यावर तळहात ठेवला. पडदा हलला, तसा माळ हलला.

“हार्लन, त्याला पुन्हा येऊ दे.”

मी टेप मागे नेली.